टीसीएल, मरीआई आणि बोटीवरची खोली

मुखेडच्या माणसाला समुद्र म्हणजे तशी ऐकीव गोष्ट. तालुक्यातली लेंडी पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहू लागली की तेच आमचं मोठं पाणी. मुंबई गाठायची तर आधी नांदेडला जायचं, आणि तिथून रात्रभर रेल्वे. त्यामुळे लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त पुण्याच्या लेकीने जेव्हा मुंबई-गोवा अशा तीन रात्रींच्या बोटीच्या सहलीचा बेत काढला, तेव्हा घरात आनंदापेक्षा काळजीच जास्त पसरली.

काळजी सौ.ची होती, आणि ती उगाच नव्हती. तिला पंचवीस वर्षांपासून मधुमेह आहे. साधे जुलाब झाले तरी आठवडाभर अंथरूण धरते. तिचं म्हणणं सरळ होतं. "बंद खोली, बंद हवा, हजार-दोन हजार माणसं एकाच भांड्यातून वाढून घेणार. कुणाचं काय कुणाला लागेल सांगता येतं का? कोरोनात त्या बोटीवर माणसं कोंडली होती, विसरलात का?"

विसरलो नव्हतो. पण अर्धवट आठवणीवर हो किंवा नाही म्हणणं मास्तरकीच्या सवयीत बसत नाही. म्हणून म्हटलं, आधी नीट वाचू, मग ठरवू. त्या वाचनातून जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

'डायमंड प्रिन्सेस' ही ती बोट. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात तिला अडवून ठेवलं. बोटीवर एकूण ३७११ माणसं होती. त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवाशांना आपापल्या खोलीत राहायला सांगितलं, जेवणाची ताटं दाराशी पोचू लागली. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण ताटं पोचवत कोण होतं? बोटीवर हजाराहून अधिक कर्मचारी होते. त्यांना खोलीत बसून राहायची सोय नव्हती. ते स्वयंपाक करत होते, ताटं वाहत होते आणि रात्री एकेका खोलीत दोघं-तिघं मिळून झोपत होते. सुरुवातीला जे कर्मचारी आजारी पडले त्यांत बहुतेक स्वयंपाक आणि वाढपाच्या कामातलेच होते. त्या बोटीवर १३८ भारतीय होते, आणि त्यांतले १३२ कर्मचारी. म्हणजे आपल्या देशाच्या वाट्याला त्या बोटीवर आली ती बहुतेक सगळी राबणारीच माणसं.

त्याच महिन्यात 'वेस्टरडॅम' नावाची दुसरी एक बोट समुद्रात भटकत होती. जपान, ग्वाम, फिलिपिन्स, तैवान, थायलंड... एकेकाने तिला आपल्या किनाऱ्याला लागू दिलं नाही. शेवटी १३ फेब्रुवारीला कंबोडियाने तिला आत घेतलं. हे वाचताना मला एकदम आमच्याकडची मरीआई आठवली. माझ्या लहानपणी पटकीची साथ आली की गावकरी मरीआईचा गाडा काढत. लिंब, हळदकुंकू, नारळ, वाजंत्री... आणि तो गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून आणखी पुढे ढकलायचा. रोग मेला नाही तरी चालेल, आपल्या शिवेबाहेर गेला म्हणजे झालं! एकविसाव्या शतकातल्या शिकल्यासवरल्या देशांनी दोन हजारांवर माणसांनी भरलेला गाडा असाच शिवेशिवेवरून पुढे ढकलला. माणूस घाबरला की सगळीकडे सारखाच वागतो, दुसरं काय.

आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया' बोटीवर दोन हजारांच्या आसपास माणसांची तपासणी झाली, तेव्हा ६६ जण बाधित निघाले आणि बोट मुंबईला परतली. सौ.च्या हातात हा पुरावाच मिळाला म्हणा ना.

पण मंडळी, बोटीवरचा खरा नेहमीचा पाहुणा कोरोना नव्हे. त्याचं नाव नोरोव्हायरस. अचानक उलट्या, जुलाब, पोटात पिळवटणं, आणि दोन-तीन दिवसांत बहुतेकांना आराम. तरण्या माणसाला त्याचं काही नाही, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लहान लेकरांना आणि मधुमेह्यांना अंगातलं पाणी कमी होऊन तो महागात पडतो. या विषाणूचा शोध कुठे लागला हे वाचून मी सरसावून बसलो. बोटीवर नव्हे, शाळेत! अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉर्वॉक गावी १९६८ साली एका प्राथमिक शाळेतली जवळपास निम्मी मुलं आणि शिक्षक एकदम आजारी पडले. १९७२ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू दिसला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. आजही त्याच्या बहुतेक साथी येतात त्या वृद्धाश्रमांत, दवाखान्यांत, शाळांत, जेवणावळीत. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या साथींपैकी बोटींवरच्या साथी अगदी शेकडा एकच्या घरात आहेत. फरक एवढाच की तिथे बोटीवर किती माणसं आजारी पडली याची मोजदाद ठेवावी लागते. शेकडा तीन प्रवासी किंवा तितके कर्मचारी आजारी झाले की ते जाहीर होतं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतून किती जण पोट धरून घरी गेले, हे कोण मोजतं?

एवढी पुस्तकी माहिती जमल्यावर मी माझ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला. तालुक्यातल्याच एका खेड्यातला हा मुलगा. वडिलांची दोन एकर कोरडवाहू. दहावीला माझ्या वर्गात होता. इंग्रजीत बेताचा, पण फळा त्याच्याइतका स्वच्छ दुसरं कुणी पुसत नसे. हॉटेलचा कोर्स करून तो बोटीवर लागला आणि आता सात-आठ वर्षं परदेशी बोटींवर खोल्यांची व्यवस्था बघतो. व्यवस्था बघतो म्हणजे काय, तर पंधरा-सोळा खोल्या, दिवसातून दोनदा. चादरी, फरशी, आरसे, न्हाणीघर आणि संडास.

"सर, काकूंना बिनघोर घेऊन जा," तो म्हणाला. "फक्त मी सांगतो तेवढं पाळा." मग त्याने जे सांगितलं ते असं.

सॅनिटायझरच्या बाटलीवर फार भरवसा ठेवायचा नाही. कोरोनाला ती चालली, पण नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा म्हणावा तसा असर होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर तर चुकवायचंच नाही. खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा टीव्हीचा रिमोट, दाराची मूठ, दिव्याची बटणं आणि नळाची चावी पुसून घ्यायची, कारण हजार हात लागतात ते तिथे. फरशी कितीही चकाचक असली तरी जेवताना आपण फरशीला हात लावत नाही, रिमोटला लावतो. कमोडचं झाकण लावून मगच पाणी सोडायचं. वाढपाच्या टेबलावरचा सार्वजनिक चमचा हाती घेतला, तर जेवायला बसण्याआधी हात पुन्हा धुवायचे.

"आन् सर, सगळ्यात म्हत्त्वाचं," तो म्हणाला, "उलटी झाली तर लपवायची नाही. लोक काय करतेत, खोलीत बंद करतील म्हणून सांगतच नाहीत. टॉवेलनं पुसतेत आन् टॉवेल कोपऱ्यात टाकतेत. तो टॉवेल उचलतो आम्ही."

शेवटचं वाक्य त्याने सहज म्हटलं. मला मात्र ते बराच वेळ पुरलं.

मी विचारलं, तुम्ही कशाने पुसता रे? तर म्हणाला, "आपल्या गावात आडात टाकायची ना सर टीसीएल, त्याच्याच जातीचं औषध. क्लोरीन. फक्त जास्त कडक." मला हसूच आलं. ग्रामपंचायतीचा शिपाई बादलीत टीसीएल पावडर कालवून आडात ओतायचा, मग ओटी टेस्टची नळी घेऊन पाणी पिवळं होतं का बघायचा. आमच्या शाळेच्या टाकीवर मी स्वतः पोरांना ती टेस्ट दाखवलेली आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, हा आपल्या गावच्या पाण्याचा नियम. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या बोटींच्या नळालाही निदान तेवढाच क्लोरीन असावा लागतो. आणि १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींना हात लावण्याआधी डॉक्टरांना ज्या पाण्याने हात धुवायला लावले, ते पाणीही याच ब्लिचिंग पावडरचं. हात धुतल्यावर बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. पण थोरामोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आपले सुशिक्षित हात घाण असू शकतात, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

इथे मला आपलं सोवळं आठवतं. आपल्या लोकांना स्वच्छतेचं वावडं आहे असं मी म्हणणार नाही. सकाळी सडा, अंगणात रांगोळी, आंघोळीशिवाय चुलीला हात नाही. पण आपण घाण बघतो त्याआधी घाण काढणारा कोण ते बघतो. जो हात साबणाने दहादा धुतलेला आहे तोही त्याच्या कामामुळे आपल्याला चालत नाही, आणि जो हात नाक पुसून प्रसाद वाटतो तो चालतो. जंतूला यातलं काही कळत नाही. त्याला जात नाही, सोवळं नाही, त्याला फक्त न धुतलेला हात लागतो.

हे मी भाषण म्हणून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी याच मुलाच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. मुलीचे वडील चौकशीला माझ्याकडे आले. चहा झाला, पाऊसपाणी झालं, मग हळूच म्हणाले, "गुरुजी, पोरगा चांगला आहे म्हणतेत. पगार बी चांगला आहे. पण तिथं संडास धुतो म्हणं, खरं का?" मी म्हणालो, "खरं आहे. आणि तो धुतो म्हणून हजार माणसं आजारी न पडता घरी जातात. डॉक्टर आजार झाल्यावर येतो, हा आधी येतो." त्यांनी मान हलवली, कप खाली ठेवला आणि उठले. ती सोयरीक जमली नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या मुलाच्या आईने मात्र तेव्हापासून कुणी विचारलं तर "बोटीवर मॅनेजर आहे" असं सांगायला सुरुवात केली आहे. त्या माउलीला काय बोलणार?

ज्या महाराष्ट्रात गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून डोकी झाडत, तिथली ही कथा. त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघालं, गावोगाव भिंतींवर त्यांचं चित्र आलं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रोग्यांना हात लावला, त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि त्याच प्लेगाने १० मार्चला त्या गेल्या. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. पण खराटा हातात असलेला जावई मात्र आपल्याला नको असतो.

असो. आम्ही गेलो. सौ.ने पिशवीत साबणाच्या दोन वड्या, जलसंजीवनीची पाकिटं आणि तिच्या गोळ्या घेतल्या होत्या. रिमोट तिने स्वतः पुसला, अगदी बटणांच्या फटींतून. खोली बघायला एक ओडिशाकडचा पोरगा यायचा. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा ती त्याच्या हातातल्या फडक्यांकडे बघत होती. आरशाचं वेगळं, न्हाणीघराचं वेगळं, संडासाचं वेगळं. तो गेल्यावर म्हणाली, "आपल्या घरी एकाच फडक्यानं सगळं होतं." दुसऱ्या दिवशी तिने त्याला नाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं, आणि घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांतले दोन कागदात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवले. त्याने आधी हात धुतले, मग लाडू घेतले. ती मला म्हणाली, "बघा."

तीन रात्री राहून आम्ही दोघंही ठणठणीत परत आलो. नशीब म्हणा, साबण म्हणा. मी तरी याचं श्रेय बरंचसं त्या वेगवेगळ्या फडक्यांना देतो.

तुम्हीही कधी बोटीने, रेल्वेने, लॉजवर कुठे गेलात तर रिमोट जरूर पुसा, हात धुवा, झाकण लावा. आजारी पडलात तर लपवू नका. आणि तुमच्या खोलीत फडकं घेऊन येणाऱ्या माणसाला नावाने हाक मारा. तेवढ्याने जंतू मरत नाहीत हे मलाही कळतं. पण दुसरा एक जुना आजार आहे, त्यावर अजून तरी कुठली पावडर निघालेली नाही. त्याला असंच रोज थोडं थोडं पुसावं लागतं.

आणि हो, तो मुलगा पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. कुणाच्या पाहण्यात चांगली मुलगी असेल तर कळवा. काय काम करतो, ते मी पहिल्याच वाक्यात सांगेन.