मामाची ट्रंक

आमच्या रोह्याच्या घरात जिन्याखाली एक निळी पत्र्याची ट्रंक आहे. ती सहजी कुणाला दाद देत नाही. आधी गुडघ्याने झाकण दाबायचं, मग कडी ओढायची. तेव्हा कुठे बाईसाहेब तोंड उघडतात आणि डांबराच्या गोळ्यांचा भपकारा अंगावर सोडतात. पाहुण्यांची पोरं आधी हिला भेटतात, मग आम्हाला.

पोटात सगळे चांदोबा, वर्षावर्षाचे अंक दाभणाने शिवलेले. ट्रंक आली पेणहून. मामा तिथे गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा, आणि चांदोबा घ्यायचा तो गोष्टींसाठी नव्हे, मुकुटांसाठी! राजांच्या किरीटांपाशी, राक्षसांच्या भुवयांपाशी त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. काही पानांवर सोनेरी रंगाचे अंगठे उमटलेत. जुने अंक जमवणारा एखादा ते पाहून हळहळेल. मला विचाराल तर खरी किंमत त्या अंगठ्यांची.

नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासला 1947 मध्ये ‘चंदामामा’ सुरू केला. मराठी ‘चांदोबा’ 1952 पासून. भाषा अनेक, चित्रं तीच. त्यामुळे अस्खलित मराठी बोलणाऱ्या राजामागे गोपुर उभं असायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा आमची गाडी रोह्यालाच संपायची, कोकण रेल्वे अजून व्हायची होती. रूळ संपतात त्याच्या पलीकडे ही राज्यं लागतात, अशी माझी पक्की खात्री होती.

पावसाळ्यात ट्रंक रुसते. पानं एकमेकांना धरून बसतात, कडांना कसर लागते, आणि दसऱ्यानंतर अंगणात ऊन दाखवल्याखेरीज स्वारी ताळ्यावर येत नाही. तिची मर्जीही ठरलेली. परीकथा मागावी तर हाताला वेताळ लागतो. ते चित्र शंकर यांचं: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि मागे न बघणारा विक्रम. आम्ही भिऊन पान उलटायचो, तर मामा म्हणायचा, “घाबरता काय? प्रेताला वजन कसं दिलंय ते बघा.” वजन दाखवता येणं ही त्याच्या लेखी सगळ्यात मोठी विद्या. शंकर 2020 मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मामाने ती कधीच देऊन टाकली होती.

आता चांदोबा छापला जात नाही, त्यामुळे ट्रंकेला नवं खाणं नाही. मात्र 1981 च्या बाडात ऑक्टोबरचा अंक नाही, आणि तेवढ्यावरून ती अजून कुरकुरते. पेण-रोह्यात कुणाच्या माळ्यावर तो निघाला, तर रद्दीत घालू नका, इकडे द्या. बदल्यात पोह्याचे पापड देऊ, अर्थात पेणचेच.