आक्षीच्या वाळूवरचे पाहुणे

नोकरीमुळे माझे वर्षातले अकरा महिने आखातात जातात. रजा मिळते ती ऐन थंडीत. यंदा घरी आलो तर पंधरा वर्षांचा मुलगा सलाम करून खोलीत गेला, तो जेवणापुरताच बाहेर येऊ लागला. अम्मीकडून एवढंच कळलं की त्याला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. एका मित्राकडून जुना कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरची लेन्स मागून आणली आणि म्हटलं, "चल, आक्षीला जाऊ."

आक्षी अलिबागपासून रेवदंड्याच्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर. सुरूचं बन, त्यापुढे सपाट, रुंद किनारा. डिसेंबर ते फेब्रुवारी इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. दिवस अम्मीने ठरवला. चांदाच्या १४-१५ तारखेला आपल्या किनाऱ्यावर पहाटे ओहोटी आणि दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, हे तिला घड्याळाशिवाय ठाऊक. सकाळी पाणी चढू लागतं आणि दूर पांगलेले पक्षी हळूहळू काठाकडे सरकतात. किनारा पश्चिमेकडे, म्हणून सकाळचं ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर. फोटोला याहून चांगली वेळ नाही.

रात्री अलिबागला बहिणीकडे राहिलो. फजरची नमाज पढून निघालो. उजाडलं तेव्हा ओल्या वाळूवर शेकडो चिखल्या पळत होते. चार पावलं पळायचं, थांबायचं, चोच मारायची. लाटेच्या कडेला पांढुरके तुतवार, होड्यांजवळ कुरवांचा गलका.

मुलाला उडत्या थव्याचा फोटो हवा होता. तो सरळ थव्यात धावला. पक्षी भुर्रकन उठले, पुढे जाऊन बसले. तो पुन्हा धावला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा जाळं निवडत बसलेल्या एका कोळीबाबांनी हाक मारली, "पोरा, त्यांना खाऊ दे की! पानी भरलं की त्यांचं ताट गेलं."

मुलगा ओशाळला. मलाही वाईट वाटलं, कारण मी त्याला अडवलं नव्हतं. यातला चिखल्या तिबेट-लडाखच्या पठारावरून येतो, तुतवार उत्तर ध्रुवाजवळून. वजन जेमतेम ५०-६० ग्रॅम. वाळूतले किडे आणि छोटे खेकडे खाऊन अंगावर चरबी चढवायची, त्याच बळावर उन्हाळ्याआधी परतीचा प्रवास. आपण एकदा उठवलं की त्या शिदोरीतला घास कमी होतो.

मग आम्ही दोघं वाळूवर पालथे पडलो. कोपरं टेकली, कॅमेरा खाली धरला आणि गप्प राहिलो. पाणी चढत होतं. अर्ध्या तासाने थवा आपणहून आमच्याकडे सरकला. एक चिखल्या इतका जवळ आला की त्याच्या डोळ्यात सूर्य दिसला. मुलाने श्वास रोखून बटण दाबलं.

त्या अर्ध्या तासात तो हळू आवाजात बोलत होता. शाळेचं, मित्राशी झालेल्या भांडणाचं, गणिताच्या भीतीचं. मी काहीच विचारलं नव्हतं. नुसता शेजारी पडून होतो.

परतताना त्याने विचारलं, "अब्बा, हे पुढच्या थंडीत इथेच येतील?"

"यातले बरेच त्याच किनाऱ्यावर परत येतात, म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"इन्शाअल्लाह."

तुम्ही गेलात तर पाणी, टोपी आणि खराब झाले तरी चालतील असे कपडे घ्या. कुत्र्यामागे, पक्ष्यामागे धावणाऱ्या लहानांना हात धरून ठेवा. होड्या आणि जाळ्यांपासून अंतर राखा, ती कुणाची तरी रोजी आहे. कॅमेरा नसला तरी चालेल. आमच्या घरी भिंतीवर तो चिखल्या लावलाय. फोटो थोडा हललेला आहे, पण बदलायचा नाही असं मुलाने बजावलंय.