पागडीचं सॉफ्टवेअर

आमच्या डीटीपीच्या धंद्याला वर्षाची दोनच पिकं: लगीनसराई आणि गणपती-दिवाळी. मधला पावसाळा कोरडा. सॉफ्टवेअरचा हप्ता मात्र बारमाही. म्हणून गेल्या जूनमध्ये तो मी थांबवला.

श्रावणात मंडळाची पोरं आली. "काका, स्मरणिकेचं कव्हर बारा वर्षांपूर्वीचं तस्संच घ्या. जाहिरातींची पानं गेल्या वर्षीची. फक्त सन आणि अध्यक्ष बदला."

माळ्यावरचं जुनं मशीन खाली काढलं. मागे मराठी फॉन्टचं डोंगल, पडू नये म्हणून रबरबँडने बांधलेलं. विकत घेतलेल्या आवृत्तीत बारा वर्षांपूर्वीचं कव्हर झटक्यात उघडलं. गेल्या वर्षीची पानं मात्र काही केल्या उघडेनात, कारण ती हप्त्याच्या आवृत्तीतली. फाइल माझी, डिस्क माझी, किल्ली दुसऱ्याकडे. चूकही माझीच, जुन्या आवृत्तीतही उघडणारी आयडीएमएल प्रत करून ठेवायचा कंटाळा केला होता. नुसतं कुलूप उघडायला महिन्याचे पैसे भरले.

हिशेब तसा जुनाच आहे. २०१२ साली अमेरिकेत अडोबीच्या सीएस६ डिझाइन स्टँडर्डच्या डब्याची, म्हणजे एकरकमी विकत मिळणाऱ्या आवृत्तीची, किंमत १,२९९ डॉलर होती. त्याच वर्षी आलेल्या क्रिएटिव्ह क्लाउडचा हप्ता वर्षभराच्या बोलीवर महिना ४९.९९. भागाकार केला की सव्वीस महिने. त्यापुढे डबा घेणारा फायद्यात, असं आम्ही चहावर ठरवून टाकायचो. मे २०१३ मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्या फक्त हप्त्यावरच मिळतील असं जाहीर केलं, आणि तो वादच मिटला.

पण डबा घेऊन तरी मालक कोण झालं होतं? करारात लिहिलेला असतो वापराचा परवाना. गिरगावातल्या पागडीच्या खोलीसारखंच: रक्कम मोजलेली, कागदावर नाव घरमालकाचं. हप्त्याशी फरक एवढाच, की महिना चुकला म्हणून कुणी लगेच दाराला कुलूप घालत नाही. इमारत मात्र कधीतरी खचतेच. २०१९ साली मॅकच्या कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्राम बंद केले, तेव्हा अनेकांचे डबे कपाटात गेले.

हप्त्याला मी सरसकट शिव्या देणार नाही. युनिकोड मराठी आता पानावर नीट बसतं, जोडाक्षरं फुटत नाहीत. पेजमेकरच्या काळात त्यासाठी रात्री जागवल्या आहेत. बारा महिने काम असलेल्याने खुशाल हप्ता भरावा. माझ्यासारख्या हंगामी माणसाला तो महागच.

तुम्हीही थांबवणार असाल, तर आधी एक दिवस दुकान बंद ठेवा आणि प्रत्येक कामाची आयडीएमएल आणि पीडीएफ प्रत, फॉन्टसकट, वेगळ्या डिस्कवर काढा.