वाह नदीकाठचं त्रेंचिन: मुक्काम एक, फिरणं अनेक

दहा दिवसांत सहा देश पाहून आलेल्यांना विचारून बघा, त्यांना सगळ्यात जास्त आठवते ती बसची खिडकी. आईबाबा आणि मुलांना घेऊन युरोपला निघणार असाल, तर त्यातले तीन दिवस स्लोव्हाकियातल्या त्रेंचिनसाठी राखा. ब्रातिस्लाव्हाहून रेल्वेने साधारण दीड तास. बॅगा एकदाच उघडायच्या आणि रोज कुठेतरी फिरून रात्री त्याच खोलीत परतायचं.

गावातल्या नदीचं नावच वाह! ते मुलांकडून पाठ करून घ्यावं लागत नाही. गावाच्या डोक्यावर कड्यावरचा किल्ला आहे आणि त्याच कड्यावर इ. स. १७९ मधला रोमन शिलालेख आहे. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात इथे तळ देऊन राहिलेल्या ८५५ सैनिकांनी तो कोरवला. तो बघायला पायथ्याच्या जुन्या हॉटेलात जावं लागतं, कारण त्याच्या मागच्या खिडकीतूनच तो नीट दिसतो.

किल्ल्यावर खोल विहीर आहे. कैदेतल्या फातिमाला सोडवण्यासाठी ओमर नावाच्या तुर्काने ती खडकात खोदली, अशी दंतकथा आहे. इतिहासकार मात्र श्रेय किल्ल्यावरच्या शिबंदीला देतात. मुलांना आधी ओमरची गोष्ट सांगा, इतिहास उतरताना.

चढ दमवणारा आहे. आईबाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर दुसरा दिवस जवळच्या त्रेंचियान्स्के तेप्लित्सेत घालवा. तिथे गंधकाचे गरम झरे आहेत आणि तुर्की थाटाचं देखणं स्नानगृहही.

तिसऱ्या दिवशी बेत्स्कोव्हचा किल्ला की चाख्तित्सेचे भग्न अवशेष? मुलींच्या हत्यांचा आरोप असलेली एलिझाबेथ बाथोरी चाख्तित्सेत कैदेत होती आणि १६१४ मध्ये तिथेच वारली. मुलं लहान असतील तर मी बेत्स्कोव्हच निवडेन.

जेवणात ब्रिंझोव्हे हालुश्की मागवा. बटाट्याच्या पिठाचे छोटे गोळे आणि त्यावर मेंढीच्या दुधाचं चीज. वरून डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच ‘बेझ स्लानिनी’ म्हणा. चीज मात्र खारट आणि उग्र असतं, तेव्हा पहिल्यांदा एकच प्लेट सगळ्यांत मिळून घ्या.

२०२६ साठी त्रेंचिन ही युरोपची एक सांस्कृतिक राजधानी आहे, म्हणून त्या वर्षी जाणार असाल तर खोल्या लवकर ठरवा. व्हिसा शेंगेनचाच लागतो, चलन युरो. विमानाने व्हिएन्नाला उतरलात, तर तिथून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर आहे.