बिस्मथचा काय उपयोग?



मी मराठी माध्यमातला बी.ए. विज्ञान हा माझा विषय नव्हे, पण मिळेल ते वाचायची खोड जुनी आहे. सध्या बिस्मथ नावाच्या धातूने डोक्यात घर केले आहे.

परळीच्या औष्णिक केंद्रामुळे आमच्या बीड जिल्ह्याला वीज माहीत आहे, आणि भारनियमनामुळे तिचे नसणेही! तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते आणि तेवढी वीज वाया जाते. तारेचा हा विरोध शून्य झाला तर? १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओन्स यांना पाऱ्यात हेच दिसले. पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला आणि विरोध एकाएकी नाहीसा झाला. यालाच अतिवाहकता म्हणतात. असे का होते, हे सांगणारा सिद्धांत यायला १९५७ साल उजाडले. त्यात इलेक्ट्रॉन जोड्या करून चालतात.

आता बिस्मथची गंमत पहा. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन फारच थोडे, साधारण एक लाख अणूंमागे एक. जोडी जमायची कशी? म्हणून हा धातू अतिवाहक होईल असे सहसा कोणाला वाटत नव्हते. पण आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथचे अतिशुद्ध स्फटिक थंड करत नेले. उणे २७३.१५ अंश म्हणजे निरपेक्ष शून्य. त्याच्या वर जेमतेम ०.०००५३ अंश उरले असताना स्फटिकाने चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलले. ही अतिवाहकतेची पक्की खूण. डिसेंबर २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाने हे संशोधन प्रसिद्ध केले. १९५७ चा तो गाजलेला सिद्धांत इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

हे मी आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, "सर, इथे उन्हाळ्यात टँकर लागतो आणि तुमचे लोक धातू गार करत बसलेत. काय उपयोग?"

प्रश्न रास्त आहे. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो माणसे ऊसतोडीला जातात, तिथे तो विचारलाच पाहिजे. एवढ्या थंडीत काम करणाऱ्या बिस्मथने आमच्या शेतातली मोटार चालणार नाही, हेही खरे.

पण सौ.च्या मणक्याचा एमआरआय काढला, त्या यंत्रातले मोठे चुंबक अतिवाहक तारेचेच असते. १९११ साली पारा गार करणाऱ्यांच्या स्वप्नातही एमआरआय नव्हता. वर्गात एखादे पोर "असं का?" म्हणून विचारायचे, तेव्हा "त्याचा काय उपयोग?" असे म्हणून मी त्याला कधी खाली बसवले नाही. पाणी आधी हवेच. पण पाण्यासाठी प्रश्न विचारणे बंद करावे, हे मात्र मला पटत नाही.

असो. तुम्हाला काय वाटते? जरूर कळवा.