पालकसभेत सांगायच्या प्रगतीविषयी वहिनींस पत्र




उपचार चालू असलेल्या मुलांच्या पालकसभेत प्रत्येक घराने आपल्या मुलाची प्रगती चार वाक्यांत सांगावी असा प्रघात असतो. ती कशी आणि किती सांगावी, हा वहिनींनी विचारलेला प्रश्न वरवर घरगुती वाटला, तरी बालविकासाच्या अभ्यासकांनाही तो पडत आलेला आहे; कारण मूल पुढे गेले हे ठरवायचे कशावरून, याचे उत्तर सर्व मुलांच्या बाबतीत एकच देता येत नाही.

सर्वांत सोयीचे उत्तर विकासाच्या टप्प्यांचे असते. विकासाचा टप्पा म्हणजे बहुसंख्य मुले ज्या वयात एखादी गोष्ट करू लागतात तो सुमार: दुसऱ्या महिन्याच्या आसपास माणसाकडे पाहून हसणे, सहा ते आठ महिन्यांत बसणे, बारा ते अठरा महिन्यांत चालणे, दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडून बोलणे. हा तक्ता विलंब वेळेवर ओळखण्यासाठी उपयोगी आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतून आणि शाळांतून मुलांची तपासणी करून जन्मजात दोष, पोषणाची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब शोधला जातो व गरज असलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते, ती पद्धत याच विचारावर उभी आहे. मात्र चाळणी म्हणून केलेली वस्तू रोजची मोजपट्टी म्हणून वापरली, की दीड वर्ष मागे असलेले मूल दर महिन्याला पुढे सरकत असूनही दर महिन्याला नापास ठरते. पालकसभेत हा तक्ता कोणी उघडून बसत नाही, पण बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो असतोच.

संवेदनांच्या अडचणींबाबत, म्हणजे आवाज, स्पर्श यांसारखी संवेदने खुपण्याबाबत किंवा अपुरी पोहोचण्याबाबत, तर असा तक्ता उपलब्धच नाही. या अडचणींचा विचार मांडणाऱ्या जीन एअर्स या कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञ होत्या. व्यवसायोपचार, म्हणजे पालकांच्या बोलण्यातली ‘ओटी’, ही रोजच्या जीवनातील कृती मुलाला जमाव्यात यासाठीची उपचारपद्धती होय. एअर्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संवेदी एकात्मीकरणाची कल्पना सविस्तर मांडली. इंद्रियांकडून येणारी माहिती मेंदू छाटतो, जुळवतो आणि तिच्यावरून कृती ठरवतो, असे त्या कल्पनेचे सार असून तिच्यात दृष्टी, श्रवण इत्यादी परिचित संवेदनांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व स्पर्शाला, अंतर्कर्णातून मिळणाऱ्या तोलाच्या जाणिवेला आणि स्नायू-सांध्यांतून मिळणाऱ्या शरीराच्या स्थितीच्या जाणिवेला दिलेले आहे. काही मुलांना साधे संवेदनही असह्य होते, त्यांना अतिसंवेदनशील म्हणतात. काहींपर्यंत ते पुरेसे पोहोचतच नाही, आणि मग ती मुले गरगर फिरून, उड्या मारून, सोफ्याच्या उशांखाली शिरून ते मिळवतात. मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, सदऱ्याच्या कॉलरमागचे लेबल, नखे कापणे, अंगाला लावलेले उटणे, मऊ भातात लागलेला मोहरीचा दाणा, विसर्जनाचे ढोल-ताशे ही मराठी घरातल्या अशा मुलांची नित्याची रणांगणे होत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे निकष सुधारले, तेव्हा संवेदनांना मिळणारा असा तीव्र किंवा मंद प्रतिसाद स्वमग्नतेच्या लक्षणांत प्रथमच समाविष्ट केला, परंतु संवेदन-प्रक्रियेचा स्वतंत्र विकार म्हणून त्याला मान्यता दिली नाही.

मोजायला तक्ता नाही, म्हणून येथेच पालकांच्या सांगण्याचे खरे मोल आहे. उपचारतज्ज्ञाला मूल आठवड्यातून एक-दोन वेळा, झोपाळे आणि गाद्या मांडलेल्या, बऱ्यापैकी शांत खोलीत दिसते, तर केस कापण्याचा प्रसंग, लग्नाची पंगत आणि शेजारच्या घरातले ड्रिल मशीन हे सारे त्या खोलीबाहेर घडते. म्हणून आईवडिलांचे वर्णन ही उपचाराला जोडलेली पुरवणी नसून मुख्य पुरावाच असतो, आणि पुराव्याला लागणारा नेमकेपणा त्यात असावा लागतो. ‘आता बराच शांत झाला आहे’ या वाक्याने ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. याउलट, पूर्वी मिक्सर लागताच मूल आतल्या खोलीत पळून बराच वेळ रडत असे, आता आधी सांगितले तर ते कानांवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहते आणि मिक्सर बंद झाल्यावर स्वतःहून परत येते, असे सांगितले तर प्रसंग कोणता होता, पूर्वतयारी काय केली, मुलाने काय केले आणि सावरायला त्याला किती वेळ लागला, हे सर्व एकदमच कळते. त्यातही सावरण्याचा वेळ सर्वांत बोलका असतो, कारण आवाज खुपणे कित्येक वर्षे टिकते, पण त्यातून बाहेर येण्याचा काळ त्याआधीच कमी होऊ लागलेला असतो.

अशा वर्णनाला शास्त्रानेही जागा दिलेली आहे. तुर्कस्तानातील बालरोगतज्ज्ञ इल्गी एर्तेम यांनी तयार केलेल्या विकास-निरीक्षण पद्धतीत मुलाची परीक्षा घेण्याऐवजी पालकांना मोकळे प्रश्न विचारले जातात: मूल काय हवे ते कसे कळवते, कोणाशी कसे खेळते. या पद्धतीच्या भारतातील कामात मुंबईच्या ‘उम्मीद’ या बालविकास केंद्राचा सहभाग राहिला. दुसरे साधन ध्येयप्राप्तीच्या मोजपट्टीचे, जे किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ साली मानसिक आरोग्याच्या क्षेत्रासाठी मांडले. या मोजपट्टीत प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे ध्येय ठरवून, अपेक्षेइतके घडले तर शून्य, त्याहून जास्त घडले तर अधिक एक वा दोन आणि कमी घडले तर उणे एक वा दोन, असे गुण दिले जातात. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ३२ स्वमग्न मुलांवरील संवेदी एकात्मीकरणाच्या चाचणीत या मोजपट्टीची ध्येये पालकांशी बोलूनच ठरवली होती. मुले थोडी होती, हे खरे, पण यश कशाला म्हणायचे हे घराला विचारण्याची रीत मोलाची आहे.

‘शांत’ या प्रगतीविषयी थोडा संशयच बाळगावा. मूल मागणे सोडून देते, विरोध करणे सोडून देते, तेव्हाही ते शांत दिसते, आणि पाहुण्यांना असे मूल फार आवडते. त्याचप्रमाणे मोठ्यांनी केलेले बदल सांगायला पालक उगाच कचरतात. लेबले कापून टाकली, केशकर्तनालयात गर्दी नसलेली वेळ ठरवली, बाहेर जाण्यापूर्वी दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवला, ही जणू लबाडी आणि मुलाने सारे जसेच्या तसे सोसले तरच प्रगती, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक मुलाला काय खुपते हे घराला वाचता येऊ लागले, हा त्या महिन्यातला सर्वांत मोठा बदल असू शकतो.

कारणांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. एकाच काळात ओटी चालू असते, स्पीच थेरपी चालू असते, बालवाडी बदललेली असते, आणि मूल वयाने वाढतही असते. गव्हाचे पदार्थ बंद केले आणि मूल बोलू लागले, असे एका आईने सभेत सांगितले, की दुसऱ्या दिवशी चार घरांतल्या पोळ्या बंद होतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली खुद्द संवेदी उपचारांविषयीही पुरावा मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, असा सल्ला दिला होता. तेव्हा काय बदलले आणि त्या सुमारास काय काय चालू होते, एवढेच सांगून थांबणे इष्ट. मागे जाणेही याच तपशिलाने सांगावे. आजारपणानंतर, लांबलेल्या सुट्टीनंतर किंवा दिवाळीच्या फटाक्यांत जमलेली गोष्ट काही काळ सुटते, हे नेहमीचे आहे. याला अपवाद एकच: लहान मुलाचे येत असलेले शब्द किंवा नजरेला नजर देणे नाहीसे झाले, तर पालकसभेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

राहिला प्रश्न किती सांगावे याचा. शौचाच्या सवयी, रागाच्या भरात स्वतःला चावणे, औषधे या गोष्टी उपचारतज्ज्ञाला सांगण्याच्या आहेत. सभेला त्यांची गरज नसते. ज्यांचे मूल अद्याप हाक मारल्यावर वळून पाहत नाही असे पालकही तेथे बसलेले असतात, आणि आपले सांगणे त्यांना काय ऐकू येईल, याचा विचार बोलण्याआधी करणे बरे. शिवाय पुष्कळदा मूल त्याच खोलीत खेळत असते, आणि बोलता न येणाऱ्या मुलाला बोलता येते त्यापेक्षा कितीतरी अधिक समजत असते, हे लक्षात न घेता मोठी माणसे त्याच्या डोक्यावरून बोलत राहतात. ते उद्या मोठे होणार आहे. सभेत छायाचित्र वा व्हिडिओ दाखवायचा असेल, तर रडण्याचा कदापि दाखवू नये, आणि चिरंजीव आता बोटाने दाखवून निवड करतो असे वहिनींनीच कळवले असल्याने दोन छायाचित्रे त्याच्यापुढे ठेवून त्यांतले कोणते दाखवायचे ते त्यालाच विचारावे. त्याने दोन्ही बाजूला सारली, तर त्या महिन्यात नुसते बोलून भागवावे.