खारं पाणी आणि लोखंड

समुद्र पाहिलेली मुलं आपल्या होस्टेलवर थोडीच, मग समुद्राच्या तळाशी पडलेल्या तेलाच्या पाइपलाइनवर सेमिनार कशाला, असं मला मेसमध्ये निदान दहा जणींनी विचारलं! अकोल्याच्या आजीने मात्र नेमका प्रश्न काढला, "पोरी, खाऱ्या पान्यात लोखंड टिकते का व? आपल्या बोअरचे पाइप तं पाच वर्सात सडले." आजी खारपाणपट्ट्यातली. मी कॉन्व्हेंटमध्ये ‘करोजन’ची व्याख्या पाठ केली, तिने ते बादलीत पाहिलं.

टिकतं, पण नजर ठेवावी लागते. मुंबई हायचं तेल १९७६ पासून निघतंय. तिथल्या लाइनला बाहेरून कोटिंग असतं, शिवाय झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड. ते स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवतात. खरा घात आतून होतो. तेलाबरोबर आलेलं पाणी तळाशी साचतं आणि तिथेच खड्डे पडतात. जानेवारी २०११ मध्ये मुंबई हाय ते उरण या लाइनमधून तेल समुद्रात गळलं होतं.

खड्डे शोधायला तेलाच्या प्रवाहाबरोबर ‘पिग’ नावाचं यंत्र सोडतात. ते भिंतीची जाडी मोजत जातं. (नाव ऐकून आमच्या बॅचने केलेले विनोद इथे छापता येणार नाहीत.) पुढे गणित. समजा, पाइप ७६२ मिमी व्यासाचा, भिंत १६ मिमी, पोलाद ४१४ मेगापास्कलचं. ०.७२ हा गुणक लावला की सुरक्षित दाब साधारण १२५ बार येतो. भिंत १२ मिमी उरली तर ९४. म्हणजे लाइन लगेच भंगारात जात नाही, दाब उतरवून चालवता येते. एकटा खड्डा लांब चरीइतका वाईट नसतो. पण खड्डा जाडीच्या ८० टक्क्यांपलीकडे गेला की दुरुस्तीच.

आईची भीती वेगळी, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी स्वयंपाक्याला उपचारांसाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायला गेलं आणि रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे तळावरून वर चढणारा पाइप. वायू पेटला, २२ माणसं गेली. तिथे कुणाला जाडी मोजायला वेळ मिळाला नाही. रायझरजवळ माणसं असतात, म्हणून त्याचा गुणक ०.७२ पेक्षा कमी धरतात, पण जहाजाची धडक गुणकाने थांबत नाही. त्याला आडोसा हवा, जहाजाने लांब राहायला हवं.

तरी मला हेच काम करायचंय. घरी अजून होकार नाही.

सेमिनारच्या सरावात सरांनी विचारलं, "मग ९४ वर चालवायची ना?" दाब कमी म्हणजे तेल कमी, त्यामुळे कंपनीला मोठाच आकडा आवडणार. पण झीज वर्षाला ०.२ मिमी धरली आणि पुढचा पिग पाच वर्षांनी जाणार असेल, तर तेव्हा भिंत ११ मिमी उरेल. मी फळ्यावर ८६ लिहिलं.